खुणेपर्यंत पाणी

आई,

तुम्ही गेलात हे कळताच शेजारच्या हंसाबेन धावत आल्या आणि म्हणाल्या, "भाई, मोढामां पाणी मूको." तोंडात पाणी घाला. सुलभाने देवघरातली गंगाजळाची कुपी काढली आणि माझ्या हातात चमचा दिला. मी तो घेऊन उभा राहिलो, पण हात पुढे जाईना. शेवटच्या आजारात याच चमच्याने मी तुम्हाला मोजून पाणी दिलं होतं. तुम्ही आणखी मागितलंत तेव्हा नाही म्हटलं होतं. आता मात्र घरात जमलेली सगळी माणसं घाला घाला म्हणत होती आणि कुणाचीच हरकत नव्हती, डॉक्टरांचीसुद्धा.

शेवटी जुईने माझ्या हातातून चमचा घेतला. नातीच्या हातचं पाणी तुम्ही कधी नाकारलं नव्हतं.

तेरावं होऊन गेलं. माणसं अमळनेरला परतली. तुमचा फिरकीचा तांब्या स्वयंपाकघराच्या खिडकीत आहे. सुलभा तो माळ्यावर टाकायला निघाली होती, मी म्हटलं राहू दे. त्याच्यासमोर बसूनच हे लिहितोय. तुम्ही मला वकील म्हणायचात. पण या वकिलाने जिथे बोलायला हवं होतं तिथे तोंड उघडलं नाही, आणि जिथे गप्प बसायला हवं होतं तिथे बरोबर उत्तर दिलं. ते उत्तर मला अजून सलतं.

वकील हे नाव कसं पडलं, ते आठवलं की मात्र आजही हसू येतं.

सुलभाशी माझं लग्न झाल्यावर कितीतरी वर्षं तुम्ही सिल्वासात पाऊल टाकलं नव्हतं. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही, हा तुमच्याकडचा रिवाज. मी बोलावत राहायचो, तुम्ही काहीतरी कारण सांगत राहायचात. शेवटी सुलभाला दिवस गेले आणि पहिल्या बाळंतपणाला तिला माहेरी न्यायला तुम्ही एकट्या आलात. भर मे महिना. भुसावळ-सुरत पॅसेंजरने सुरतेपर्यंत, पुढे वापी, आणि जावयाच्या स्कूटरवर मागे बसायचं नाही म्हणून वापीहून जीप. एका हातात दशम्यांचं गाठोडं, दुसऱ्या हातात हा तांब्या. एक दिवस राहायचं आणि लेकीला घेऊन निघायचं, तेवढ्याच हिशेबाने दोन्ही भरून आणलेलं.

पण सुलभाला तपासल्यावर डॉक्टरीणबाईंनी प्रवासाला सक्त मनाई केली. पलंगावरून उठायचं नाही म्हणाल्या. तुमचा मुक्काम लांबला. दशम्या पुरवून पुरवून खाल्ल्यात. तांब्या संपला तेव्हा तो हंसाबेनकडून भरून आणायला लागलात. शेजारणीचं पाणी चालत होतं, लेकीचं चालत नव्हतं. मला ते जरा लागलं होतं. मग हंसाबेन सुट्टीला नवसारीला गेल्या. त्यांच्या दाराला कुलूप लागलं आणि तुम्ही कुणालाही काही सांगितलं नाहीत. सुलभा पडून, मी दिवसभर कारखान्यात. तुम्ही तिच्यासाठी भाकऱ्या थापत होतात, वरण घोटत होतात, आणि स्वतः पाण्याच्या माठाला शिवत नव्हतात.

दुपारी मी जेवायला आलो तर तुम्ही ओट्याला धरून उभ्या होतात. तव्यावर भाकरी करपत होती.

"काय झालं?"

"काही नाही. ऊन लागलं असंल."

"बसा आधी."

"अमळनेरचं ऊन पचवलेली बाई मी, जावईबापू. तुमच्या सिल्वासाचं ऊन काय करी राहिलं मला."

बोलताना तुमची जीभ टाळूला चिकटत होती. ओठ पांढरे पडले होते, डोळे आत गेले होते. आमच्या कारखान्यात सूत तापवून त्याला पीळ देणारी मशीनं होती. त्या हॉलमध्ये उन्हाळ्यात धडधाकट माणसं गळून पडायची. कंपनीच्या डॉक्टरांनी आम्हा सुपरवायझर लोकांना शिकवून ठेवलं होतं: जीभ बघा, डोळे बघा, लघवी कधी झाली आणि कसल्या रंगाची झाली ते विचारा, आणि हाताच्या पाठीवरची कातडी चिमटीत धरून सोडा. लगेच सपाट झाली तर ठीक. तशीच उभी राहिली तर अंगातलं पाणी गेलं. कामगारांचे हात मी बेलाशक धरायचो. सासूबाईंचा हात कसा धरणार? आणि लघवीचं तर विचारणार तरी कसं?

मी तुम्हाला सुलभाच्या पलंगाशी बसवलं आणि तिला म्हटलं, "आईंच्या हाताला चिमटा काढ."

"काय?"

"काढ तर. हळू."

तुम्ही तशा अवस्थेतही म्हणालात, "आपल्याला धीर होत नाही म्हणून लेकीकडून चिमटे काढवी राहिले का?" सुलभाने चिमटी सोडली. कातडीची घडी तशीच उभी राहिली, मग सावकाश खाली बसली. सुलभा हसता हसता रडायला लागली. बाकीचं तिनेच विचारून घेतलं, मी खिडकीबाहेर बघत उभा राहिलो.

पाणी प्या म्हटलं तर तुम्ही मान हलवलीत. मूल झाल्यावर पिईन म्हणालात, आता दिवस तरी किती राहिलेत. मी चिडलो, गयावया केली, सुलभाने शपथ घातली. तुम्ही ढिम्म. मग मला सुचलं, ते कसं सुचलं कोण जाणे.

"आई, हे घर कुणाचं?"

"तुमचं."

"माझं नाही. कंपनीचं क्वार्टर आहे. नोकरी सोडली की खाली करायचं. नळ कंपनीचा, पाणी दमणगंगेचं. त्यात माझा एक थेंब नाही."

तुम्ही डोळे बारीक केलेत. "आणि साखर-मीठ? ते तर तुम्हीच भरता ना डब्यात?"

मी खिशातून जलसंजीवनीची पुडी काढली. "ही सरकारी दवाखान्यातून आलेली आहे. वरचा शिक्का वाचा."

"भांडं?"

"तांब्या तुमचाच आहे."

तुम्ही बराच वेळ विचार केलात. "म्हणजे मी पिणार कुणाचं?"

"सरकारचं."

"मग चालेल," तुम्ही म्हणालात. "सरकारला मी मुलगी दिली नाही."

पुडी एक लिटर पाण्यात घालायची असते. कमी पाण्यात घातली तर मीठ जास्त होऊन उलट अपाय होतो. म्हणून मी दुधाचं लिटरचं माप आणून तांब्यात पाणी ओतलं आणि जिथवर आलं तिथे आतून खिळ्याने खूण केली. चांगला स्टीलचा तांब्या खरवडला म्हणून तुम्ही नाराज झालात. तरी घोट घोट करत तो संपवलात. संध्याकाळी मी कामावरून आलो तेव्हा तुमच्या चेहऱ्यावर पाणी आलं होतं आणि तुम्ही सुलभाला सांगत होतात, "नवरा इंजिनेर सांगितला होता गं, हा तर वकील निघाला."

त्या दिवसापासून मी तुम्हाला सासूबाई म्हणायचं सोडून मनापासून आई म्हणू लागलो. हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. माझी आई लवकर गेली. कुणाच्या हट्टावर चिडावं आणि त्याच वेळी त्या माणसाची माया वाटावी, हे मला पुन्हा मिळालं होतं.

जुई झाली आणि तुमचा रिवाज फिटला. मग दर उन्हाळ्यात येऊ लागलात. कुरडया, बिबड्या, लोणच्याची बरणी आणि हा तांब्या. आता त्यात माझ्याच माठाचं पाणी असायचं. "वकीलसाहेबांचं पाणी गोड आहे," असं मुद्दाम मला ऐकू जाईल एवढ्याने म्हणायचात.

जुई नुकती चालायला लागली होती, त्या उन्हाळ्यातलं आता लिहायला हवं. इथपर्यंतचं लिहिणं सोपं होतं.

सुलभा तेव्हा शाळेत शिकवायला लागली होती आणि परीक्षेच्या कामासाठी सकाळीच गेली होती. जुईला पहाटेपासून जुलाब आणि उलट्या सुरू झाल्या होत्या. फार नव्हत्या, म्हणून आम्ही दोघं तिला तुमच्यावर सोपवून कामाला गेलो. मला चैन पडेना म्हणून मी दुपारी लवकर घरी आलो. जुई तुमच्या मांडीवर पडली होती. रडत होती, पण डोळ्यांत पाणी नव्हतं. रडण्याला आवाजही नव्हता. डोक्यावरची टाळू अजून पुरती भरलेली नव्हती, ती आत गेलेली दिसत होती.

"पाणी किती पाजलं?"

"पाणी नाही दिलं. पोटात काही गेलं की बाहेर येतंय. पोट कोरडं ठेवलं म्हणजे थांबेल."

"सकाळपासून एक थेंब नाही?"

"जुलाबात पाणी देत नाहीत, जावईबापू."

मी तुमच्या मांडीवरून पोरगी ओढून घेतली आणि म्हणालो, "मारायचंय का तिला?"

त्या शब्दांबद्दल मी नंतर माफी मागितली आणि तुम्ही, जाऊ द्या, बापाचा जीव आहे, असं म्हणून ते झटकून टाकलंत. त्यामुळे त्याचं ओझं तेवढं नाही.

घरात पुडी नव्हती. मी खुणेपर्यंत पाणी भरलं, सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालून ढवळलं, चाखून पाहिलं. डोळ्यातल्या पाण्याहून खारट लागता कामा नये. एक चमचा पाजला. तो उलटला. तुम्ही म्हणालात, बघा. मी म्हटलं, थोडं थांबायचं आणि पुन्हा द्यायचं, हळू. दुसरा राहिला. तिसरा राहिला. तांब्या आणि चमचा घेऊन आपण रिक्षाने दवाखान्यात गेलो. वाटेत तुम्ही पाजत होतात. माझ्या हातून चमचा सांडत होता, तुमच्या हातून नाही. डॉक्टरांनी जुईला तपासलं, डोळ्यांसमोर ठेवून घेतलं आणि म्हणाले, हेच चालू ठेवा, वेळेवर सुरू केलंत. मग तुमच्याकडे बघून जरा चढ्या आवाजात म्हणाले, "आजी, जुलाबाने मुलं जात नाहीत. पाणी तोडल्याने जातात."

तुम्ही मान खाली घातलीत आणि चमचा भरलात.

ऊन उतरताना जुईने तुमच्या मांडीवर लघवी केली. तुमचं नऊवारी भिजलं. "मुतली," तुम्ही म्हणालात, "जावईबापू, मुतली पोरगी." दवाखान्यातल्या सगळ्या बायका हसल्या. सणाच्या दिवशी अत्तर लागावं तसं ते ओलं पातळ तुम्ही संध्याकाळपर्यंत अंगावर मिरवलंत.

तो प्रश्न तुम्ही त्यानंतर दोनेक दिवसांनी विचारलात. जुई खेळायला लागली होती. तुम्ही अंगणातल्या दोरीवरची तिची दुपटी काढून घडी घालत होतात, मी स्कूटर पुसत होतो.

"जावईबापू, ती पुडी किती वर्षांपासून मिळते?"

"इतक्यातच यायला लागली. का?"

"सुलभाच्या आधी मला एक मुलगा होता. वसंता. जुईएवढाच. त्याला ढाळ लागले. सासूबाई बोलल्या, वैद्य बोलले, पाणी द्यायचं नाही. मी नाही दिलं. तो माठाकडे बघायचा. मी माठावर पातळ टाकलं, त्याला दिसू नये म्हणून." तुम्ही दुपट्याची घडी मोडून पुन्हा घातलीत. "तेव्हा ही पुडी असती तर?"

आई, मला त्या वेळी फक्त एवढंच म्हणायचं होतं, की नव्हती मिळत. पण मी पडलो खरं बोलणारा माणूस. मशीन का बंद पडलं ते विचारलं की कारण सांगणारा. मी म्हणालो, "पुडीच पाहिजे असं नाही. आपण परवा दिलं तसं मीठ-साखरेचं पाणीही चाललं असतं."

तुम्ही दोरीवरचं शेवटचं दुपटं काढलंत.

"हो," तुम्ही म्हणालात. "मीठ-साखर तर होती घरात."

आणि दुपटी घेऊन आत गेलात. मी फडकं हातात घेऊन तिथेच उभा होतो. मी काय केलं ते मला कळलं होतं. इतकी वर्षं ते मूल देवाने नेलं होतं. माझ्या एका वाक्याने ते तुमच्या हातून गेलं. मागोमाग आत यायला हवं होतं. काहीतरी बोलायला हवं होतं. मी स्कूटर पुसली, आधीच स्वच्छ असलेली.

तुम्ही माझ्यावर रागावला नाहीत. रागावला असतात तर बरं झालं असतं. उलट तुम्ही हा तांब्या उचललात. कॉलनीत कुणाच्या पोराचं पोट बिघडलं की तुम्ही निघालातच. पुढे सासरे गेले आणि तुम्ही कायमच्या आमच्याकडे आलात, तेव्हा तर जवळच्या किलवणी गावाकडून कामाला येणाऱ्या बायकाही तुम्हाला ओळखू लागल्या. मराठी, गुजराती, वारली, कुणाशी काय बोलायचात देव जाणे, पण चमचा कसा धरायचा ते हाताने दाखवायचात. पाणी एक लिटर नसेल तर पुडी फोडू द्यायचा नाहीत. दूध बंद केलेल्या आयांना रागावायचात, अंगावरचं दूध तोडू नका म्हणायचात. पोर सुस्त पडलं, पाणी घेईनासं झालं, की मात्र तांब्या बाजूला ठेवून म्हणायचात, आता माझं काम नाही, दवाखान्यात पळा. मिठाच्या चिमटीवरून आपलं भांडण तर शेवटपर्यंत मिटलं नाही. मी म्हणायचो सपाट चमचा, तुम्ही म्हणायचात माझी बोटं कधी चुकत नाहीत. मी तपासायला चाखायचो आणि दर वेळी ते बरोबर असायचं. तरी मी कबूल केलं नाही. आज करतो. तुमची बोटं चुकली नाहीत.

लोक तुमचं कौतुक करायचे तेव्हा सुलभाला अभिमान वाटायचा. मी दुसरीकडे बघायचो. प्रत्येक पोर बरं झालं की तुम्ही आपला तांब्या घेऊन निमूट परतायचात, आणि मला वाटायचं, या बाईला अजून किती फेडायचं आहे, आणि ही फेड मी लावून दिली आहे.

मग या वर्षी तुमचे पाय सुजले. दोन पावलं चाललं की धाप लागू लागली. हृदय थकलंय, डॉक्टर म्हणाले, अंगात पाणी साठतंय. औषधं दिली आणि म्हणाले, पाणी मोजून द्या. सगळं धरून एवढंच, चहासुद्धा त्यातच. त्यांनी सांगितलेलं मी सकाळी तुमच्या तांब्यात ओतलं. ते खुणेच्या पुष्कळ खाली राहिलं.

मला हसायला हवं की रडायला, कळेना. तुम्ही मात्र आत डोकावून म्हणालात, "वकीलसाहेब, सरकारचं पाणी आटलं का?"

सुलभाच्याने हे होईना. तुम्ही मागितलं की ती चोरून द्यायची. एकदा त्यापायी तुमचा श्वास असा कोंडला की तुम्हाला पलंगावर टेकून बसवावं लागलं. तेव्हा मी तिच्यावर ओरडलो आणि पाण्याचं काम माझ्याकडे घेतलं. कामावर रजा टाकली. ओल्या कापसाने तुमचे ओठ पुसायचो, वेलदोडा तोंडात द्यायचो, ठरल्या वेळी चमचे. मधल्या वेळी तुम्ही मागितलंत की म्हणायचो, थोड्या वेळाने. तुम्ही पुन्हा मागायचा नाहीत. फक्त खिडकीकडे बघायचात, जिथे तांब्या होता.

एका दुपारी मी उठलो आणि तांब्यावर टॉवेल टाकला. तुम्हाला दिसू नये म्हणून.

टाकल्यावर मला माठावरचं पातळ आठवलं. वळलो तर तुम्ही माझ्याकडेच बघत होतात. मला वाटलं जमीन दुभंगावी. मी टॉवेल काढायला गेलो.

"असू द्या," तुम्ही म्हणालात. श्वास घ्यायला थांबलात. "डॉक्टर सांगतो, तुम्ही ऐकता. ऐकणाऱ्याचा काय दोष आहे, जावईबापू?"

मग तुम्ही माझ्याकडे तशाच बघत राहिलात. मी मठ्ठ असेन, पण इतका नाही. मला कळलं होतं की तुम्ही थांबला आहात. एक वाक्य हवं होतं, छोटंसं, आणि ते तुम्हीच माझ्या तोंडात ठेवलं होतं. बारा वर्षं मी जे बोलायला घाबरलो ते आता नुसतं परत म्हणायचं होतं. घड्याळाकडे बघत मी म्हणालो, "वेळ झाली, चमचा देतो." तुम्ही तोंड उघडलंत. प्यायलात. डोळे मिटलेत. मला वाटलं, उद्या बोलू.

पुढे तुम्ही फार बोलला नाहीत, आणि मग गेलातच. डॉक्टर म्हणतात पाणी दिलं असतं तर आणखी लवकर, आणखी त्रासाने गेला असतात. मला ते पटतं. माझ्या हाताला अजून पटत नाही, त्याला वेळ लागेल. पण माझं मला निभावता येईल, कारण तुम्ही मला मोकळं करून गेलात. ज्याने तुम्हाला मोकळं करायला हवं होतं, त्याला.

आज सकाळी मी तांब्या खुणेपर्यंत भरला आणि खिडकीत ठेवला. वर काही झाकलं नाही.

त्या दिवशी अंगणात दुपटी काढताना तुम्ही एक विचारलं होतं. त्याचं उत्तर मी चुकीचं दिलं. पुन्हा देतो.

नव्हती मिळत, आई. पुडी नव्हती, आणि मीठ-साखरेचं कुणी सांगितलंही नव्हतं. ज्यांनी सांगितलं, त्यांनी पाणी देऊ नको म्हणून सांगितलं, आणि वसंता जगावा म्हणून तुम्ही ते ऐकलंत. ऐकणाऱ्याचा काय दोष आहे?